स्टेपनी की खुर्ची

माझं काम मोडक्या गाड्या बघण्याचं. कुणी कुणाला धडकलं की विमा कंपनी मला पाठवते. पत्रा किती आत गेला, ब्रेकच्या खुणा कुठवर आहेत, टायर झिजलेले होते का, हे बघायचं, फोटो काढायचे आणि अहवाल लिहायचा. अहवालात ‘बिचारा’ आणि ‘दुर्दैवाने’ हे शब्द चालत नाहीत. अठरा वर्षं असं लिहिल्यावर माणूस बोलायलाही तसाच लागतो. ‘हिच्या अंगात रक्त नाही, कूलंट आहे,’ असं आई म्हणते. म्हणू दे. त्या शुक्रवारी जे झालं ते मी माझ्याच पद्धतीनं सांगणार आहे.

घरात आम्ही तिघं. बाबा, आई आणि मी. बाबा एकतीस वर्षं एका मोठ्या कचेरीत ड्रायव्हर होते. तेवढ्या काळात साहेब अकरा बदलले, बाबा तेच राहिले. एकही अपघात नाही, एकदाही उशीर नाही, हे ते कुणी न विचारता सांगतात. रोज गाडी काढण्याआधी स्टेपनीची हवा तपासायची ही त्यांची सवय. रस्त्यावरच्या चार चाकांकडे कुणीही बघतं, डिकीत झोपलेल्या पाचव्याकडे बघतो तो खरा ड्रायव्हर, असं त्यांचं मत. कचेरीत त्यांना सगळे ‘पाचवं चाक’ म्हणायचे. बाबांना तो मान वाटायचा, आणि तो गैरसमज दूर करण्याचं पाप कुणी केलं नाही.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी आईच्या हातून चहाची गाळणी पडली आणि ती पडल्याचं तिला कळलंच नाही. उजवी बाजू गेली. डोकं शाबूत राहिलं. जीभ जड झाली, पण तिखटपणा तेवढाच. घरात चाकांची खुर्ची आली. दवाखान्यातून सुटल्यावर पंधराएक दिवसांनी बाबा तिला तपासणीला घेऊन निघाले होते. फाटकापाशी तिला खुर्चीतून गाडीत बसवताना त्यांचा हात सुटला आणि आई जमिनीवर आदळली. काही मोडलं नाही, खांदा आठवडाभर काळानिळा होता एवढंच. बाबांनी मात्र हाय खाल्ली. अकरा साहेबांपैकी एकाच्याही चहाच्या कपाला ज्यांनी धक्का लागू दिला नाही, त्यांनी स्वतःच्या बायकोला पाडलं होतं.

त्यानंतर डॉक्टर घरी यायला लागले, व्यायाम करून घेणारी बाई घरी यायला लागली आणि आईचं बाहेर जाणं बंद झालं. कुणी तिला कुठे नेऊ म्हटलं की बाबा म्हणायचे, ‘तिला झेपत नाही.’ मीही ते तीन वर्षं खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं. मला रोज सकाळी सातला कामावर निघायचं असायचं आणि दर रविवारी झोप काढायची असायची.

या सगळ्यात मावशी लांब पडली. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, आमच्यापासून ऐंशी किलोमीटरवर दुसऱ्या शहरात राहणारी. दोघींनी पंधरा वर्षं मिळून शिवणकामाचं दुकान चालवलं होतं. एक कापायची, दुसरी शिवायची, आणि गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की दोघी त्याच्या मापांवर हसायच्या. आई आजारी पडली तेव्हा मावशी दवाखान्यात येऊन गेली, त्यानंतर दोघींची गाठ नाही. दर आठवड्याला फोन व्हायचा, पण आईचं बोलणं फोनवर मावशीला धड कळायचं नाही, म्हणून बाबा मध्ये बसून दुभाष्याचं काम करायचे. मावशी का येत नाही, तर तिचे गुडघे दुखतात. आई का जात नाही, तर तिला झेपत नाही. दोन्ही उत्तरं बाबाच द्यायचे.

मग एका सोमवारी कळलं की मावशी देश सोडून चालली. मुलगा कायमचं तिकडे बोलावतोय, घर विकलं, शुक्रवारी दुपारी एकला दारातून गाडी विमानतळाकडे निघणार. वय चौऱ्याहत्तर. परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं.

आई जेवत होती. डाव्या हातातला चमचा तिनं ताटात ठेवला.

‘शुक्रवारी मला ताईकडे जायचंय,’ ती म्हणाली. परवानगी मागितली नव्हती, सांगितलं होतं.

बाबा आधी उन्हाबद्दल बोलले. मग रस्त्याबद्दल. मग आईच्या पाठीबद्दल. आई ऐकत राहिली आणि प्रत्येक मुद्द्यानंतर ‘शुक्रवारी’ एवढंच म्हणाली. शेवटी बाबांना खरा आधार सापडला.

‘आणि ह्या गाडीला स्टेपनीच नाही!’ ते माझ्याकडे वळून म्हणाले. ‘बाईमाणसाला गाडी घ्यायला पाठवलं की अशी तीनपायी गाडी घरात येते.’

गाडी मी महिन्याभरापूर्वी घेतली होती. नवीन, लहान, चारही पाय जागेवर असलेली. तिच्या डिकीच्या तळाशी स्टेपनीऐवजी काळ्या फोमच्या खणात पंक्चरचं किट होतं. एक वीतभर पंप आणि चिकट पांढऱ्या द्रवाची बाटली. बाटली टायरच्या तोंडाला लावायची, पंप सुरू करायचा, द्रव आत जाऊन भोक बुजवतो आणि दहा मिनिटांत गाडी चालू. आजकाल निम्म्या नव्या गाड्यांना हेच असतं. वजन कमी, जागा जास्त.

‘बाबा, हल्लीच्या टायरना पंक्चर फारसं होतच नाही,’ मी म्हटलं. ‘झालंच तर खिळा. खिळ्याला किट पुरतं.’

‘आणि टायर फाटला तर?’

‘शंभरात पाच वेळा फाटतो. मी आकडे बघते.’

‘तू आकडे बघतेस, मी रस्ता बघितलाय. त्या बाटलीतली खीर चाकात ओतून मी हिला घेऊन ऐंशी किलोमीटर जायचं? वाटेत अडकलो तर?’

‘तर मदतीला फोन करायचा. नंबर लिहिलाय गाडीच्या दारावर.’

‘फोन!’ बाबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं मदतीला फोन करणारा ड्रायव्हर आणि पोहायला गेल्यावर बुडणारा माणूस एका माळेचे मणी होते.

असा आमचा वाद तीन दिवस चालला. मी किटचं पुस्तक वाचून दाखवलं. बाबांनी कोणत्या साली कोणत्या घाटात कोणत्या साहेबाला कोणत्या स्टेपनीनं वाचवलं हे सांगितलं. हौसेनं भांडत होतो आम्ही. आता आठवलं की लाज वाटते, कारण ज्या बाईच्या नावानं भांडण चाललं होतं ती तिथेच बसलेली होती आणि आमच्यापैकी एकानंही तिला विचारलं नाही की बाई, तुला काय वाटतं.

गुरुवारी बाबा त्यांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे गेले आणि रिक्षातून एक जुनं चाक घेऊन आले. मापाला एक नंबर लहान होतं, पण बसत होतं. किटचा फोमचा खण उपसून त्यांनी माळ्यावर टाकला आणि त्या खड्ड्यात चाक घातलं. ते निम्मं वर राहिलं. दोरीनं बांधलं, त्यावर जॅक आणि पाना ठेवला. मग आईची खुर्ची घडी करून आत घालायला गेले, तर डिकीचं झाकण लागेना. उभी घातली, आडवी घातली, तिरकी घातली. झाकण चार बोटं उघडंच.

मागच्या सीटवरही जागा नव्हती. आईला उजवा पाय खाली सोडून बसता येत नाही. ती मागे आडवी बसते, पाठीला उशी आणि पाय सीटवर लांब. मी पुढे बसणार. मी घरी राहून माझ्या जागी खुर्ची जाऊ दे म्हटलं, तर आईला उचलायला दोन माणसं लागतात.

‘बघा,’ मी म्हटलं. ‘स्टेपनी की खुर्ची, एक काहीतरी ठरवा.’

बाबांच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखं दिसलं. ते मी टिपलं. तेवढं माझ्या धंद्यानं मला शिकवलंय. दोन्ही नेता येत नाही, तेव्हा जाताच येत नाही, असं ते म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं.

‘खुर्ची ठेवा घरी,’ आई दारातून म्हणाली. दाराशी दिवाणावर पाय लांब करून ती हे सगळं बघत होती. ‘ताईच्या घराला जिने आहेत. मी वर जाणार नाहीच. ती खाली येईल, गाडीत बसेल. खुर्चीचं काय काम?’

बाबांनी खुर्ची डिकीतून बाहेर काढली. मी मात्र त्या संध्याकाळी माळ्यावरच्या खणातून पंप आणि बाटली काढून गुपचूप माझ्या कामाच्या पिशवीत टाकली. काळजी हे त्याचं एक कारण होतं. दुसरं कारण असं की वाटेत बारीकसं पंक्चर व्हावं आणि बाबांनी पान्याला हात लावायच्या आत मी गाडी चालू करून दाखवावी, असं मला मनापासून वाटत होतं.

शुक्रवारी आठला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेनऊला. आईला खुर्चीवरून फाटकापर्यंत नेलं आणि दोघांनी उचलून सीटवर ठेवलं. उचलण्याआधी बाबांनी पकड तीनदा बदलली. आईनं निळी साडी नेसली होती आणि मावशीसाठी काहीतरी कागदात गुंडाळून मांडीवर धरलं होतं. काय आहे ते सांगितलं नाही. रिकामी खुर्ची मी ओसरीत ठेवली आणि दार लावलं.

पहिले चाळीस किलोमीटर छान गेले. आई खिडकीतून बघत होती आणि प्रत्येक पाटी वाचत होती, दुकानांच्या, दवाखान्यांच्या, खताच्या. तीन वर्षांत नव्या झालेल्या सगळ्या गोष्टी तिनं आम्हाला सांगितल्या. ‘ही इमारत कधी झाली?’ ‘इथे झाड होतं ना?’ बाबा हं हं करत होते, पण त्यांचं लक्ष मागे होतं. डिकीतून आवाज येत होता. प्रत्येक खड्ड्याला खुट्ट. जुन्या चाकाची दोरी सैल झाली होती आणि त्यावरचा जॅक हलत होता.

‘राहू दे बाबा, हलू दे,’ मी म्हटलं.

‘हलणारी स्टेपनी म्हणजे न घेतलेली स्टेपनी,’ बाबा म्हणाले आणि दोरी आवळायला त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

तिथे नाल्याचं काम अर्धवट सोडलेलं होतं. सिमेंटचा फुटका काठ गवतात लपला होता आणि त्यातून लोखंडाची एक सळई बाहेर आलेली होती. मागचं डावं चाक त्यावर घासलं. आवाज मोठा आला नाही. हवा गेली, आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसली.

पुन्हा सांगते, कारण अहवालात कारणमीमांसा स्पष्ट असावी लागते. सुरक्षित राहावं म्हणून घेतलेल्या चाकाची दोरी आवळायला थांबल्यामुळे चाक फाटलं. दहा चाळीस झाले होते.

आता माझी पाळी. बाबा उतरून चाकाकडे पोचायच्या आत मी पिशवीतून पंप आणि बाटली काढली होती. ‘दहा मिनिटं,’ मी म्हटलं. त्यांनी बघितलं, बाजूला झाले. मी बाटली जोडली, पंपाची वायर आत लावली आणि बटण दाबलं. पंप घरघरला. आधी बरं वाटलं. मग टायरच्या बाजूच्या, रस्त्याला कधी न टेकणाऱ्या भागातून पांढरं दूध फसफसत बाहेर आलं आणि माझ्या चपलांवर सांडलं. चीर बोटभर लांब होती. खिळ्याच्या भोकाला हे औषध चालतं. बाजूच्या चिरेला चालत नाही, आणि हे मला अठरा वर्षांपासून माहीत आहे. वर्षाला हजारभर टायर मी हात फिरवून तपासते. ह्या टायरवरून मात्र हात फिरवला नाही, कारण मला तो तपासायचा नव्हता, जिंकायचा होता.

बाबा ‘सांगितलं होतं’ असं म्हणाले नाहीत. त्यांनी डिकी उघडली, चाक काढलं, जॅक काढला, पुढच्या चाकांना दगड लावले आणि नट अर्धे सैल केले. एकतीस वर्षांची हातोटी होती, बघत राहावं असं काम. मग ते जॅक घेऊन गाडीखाली वाकले आणि तसेच सरळ झाले.

‘हिला उतरवावं लागेल,’ ते म्हणाले.

जॅक लावला की गाडीत माशीसुद्धा नको, हा त्यांचा नियम. त्याला कारण होतं. त्यांच्याबरोबरचा एक ड्रायव्हर असाच चाक बदलत असताना आत बसलेले पाहुणे बघायला म्हणून एका अंगाला सरकले, जॅक घसरला आणि त्या माणसाची तीन बोटं गेली. त्याला दवाखान्यात बाबांनीच नेलं होतं.

मी डिकीकडे बघितलं. तिथे खुर्ची असायला हवी होती. तिच्या जागी चाक आलं होतं, आणि चाक लावायला खुर्ची लागत होती. मी मनात म्हटलं, वा. स्टेपनीऐवजी नुसतं किट आणलं असतं तर खुर्ची आली असती पण किट चाललं नसतं. स्टेपनी आणली तर ती लावता येत नाही. तीन दिवस भांडून आम्ही दोघं शहाणी माणसं इथे पोचलो होतो.

‘चादर टाकून खाली बसवू,’ बाबा आईला म्हणाले. ‘दहा मिनिटांचं काम.’

‘नाही,’ आई म्हणाली.

‘अगं, सावली आहे इथे.’

‘मी जमिनीवर बसणार नाही. तिथून मला उचलताना तुमचे चेहरे कसे होतात ते मी बघितलंय.’

‘मग गाडी कशी उचलू?’

‘मला घेऊन उचला. मी हलत नाही. हलायला मला येतं कुठे?’ हे ती हसत म्हणाली. जिभेमुळे शब्द एकमेकांना चिकटत होते, पण कळत होते.

‘जॅक घसरला तर?’

‘अहो,’ आई म्हणाली आणि तिचं हसू गेलं. ‘तीन वर्षं तुम्ही मला जपताय. जपून जपून नेलंत कुठे? ताई एकला जाणार. अकरा वाजत आले.’

बाबा उभे राहिले. शेजारून ट्रक जात होते, प्रत्येकाबरोबर गाडी जराशी डुलायची. त्यांच्या हातातला जॅक मी घ्यायला गेले, तर त्यांनी दिला नाही. मग ते गुडघ्यांवर बसले, जागा चाचपली, खाली फळी सरकवली आणि दांडा फिरवायला लागले. मागचा कोपरा उचलला तशी आई सीटवर तिरकी झाली. मी तिच्या खिडकीशी उभी होते. तिनं डोळे मिटले नाहीत. डाव्या हातानं पुढच्या सीटची कड धरली होती आणि श्वास बारीक बारीक घेत होती. बाबा खालून एकसारखे बोलत होते. ‘आहेस ना? हलू नको. झालं. आता नट. हलू नको हां.’ त्यांचा आवाज साहेबांशी बोलतानाचा नव्हता आणि आमच्याशी बोलतानाचाही नव्हता. मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

अकरा मिनिटं लागली. गाडी खाली आल्यावर बाबांनी पाना जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात पँटला बराच वेळ पुसत राहिले.

‘चला,’ आई म्हणाली.

लहान चाकामुळे चाळीसच्या वर जाता येत नव्हतं. मध्ये रेल्वेच्या फाटकाशी एक मालगाडी आमच्यासमोरून निवांत गेली. मावशीच्या दारात पोचलो तेव्हा बारा अठ्ठेचाळीस झाले होते. तिची टॅक्सी उभी होती, सामान भरलेलं होतं. मावशी फुटपाथवरच होती, हातात पर्स घेऊन. मी दार उघडलं. ती मागच्या सीटवर शिरली, आईचा उजवा पाय तिनं उचलला, स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि दार ओढून घेतलं. तिच्या गुडघ्यांना काही झाल्याचं मला दिसलं नाही.

बाबा आणि मी बाहेर थांबलो. काचेतून दोघी दिसत होत्या. आईनं कागद सोडवला. आतमध्ये कापड कापायची जुनी कात्री होती, मोठी, काळ्या मुठीची. मावशीनं ती बोटांत घालून दोनदा हवेत चालवली आणि दोघी हसल्या. मग मावशीनं काहीतरी विचारलं. आईनं उत्तर दिलं. मावशी थोडा वेळ मान खाली घालून तिच्या पायावरून हात फिरवत राहिली. बारा मिनिटांनी टॅक्सीवाल्यानं घड्याळ दाखवलं. मावशी उतरली, तिनं माझा गाल धरला, बाबांना नुसती मान हलवली आणि गेली. टॅक्सी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आई मागच्या काचेतून बघत होती.

आम्ही आत बसलो. बाबांनी किल्ली अर्धी फिरवली, गाडी चालू केली नाही.

‘काय म्हणाल्या ताई?’ त्यांनी आरशातून विचारलं.

‘विचारत होती, तीन वर्षं का आली नाहीस.’

‘मग?’

‘म्हटलं, माझंच मन होत नव्हतं.’

बाबा वळले. ‘असं का सांगितलंस?’

‘मग काय सांगू? नवऱ्यानं नेलं नाही म्हणू, जाताजाता? तुमचं नाव तिच्या मनात वाईट कशाला राहू देऊ?’

बाबांचा राग आला मला, आणि कीवही आली. दोन्ही एकदमच आल्यामुळे मी समोर बघत राहिले. माझं नावही त्या उत्तरात झाकलं गेलं होतं. रविवार माझ्याकडेही दीडशे होते.

‘फोन दे तुझा,’ बाबा मला म्हणाले. ‘ताईंना लाव.’

मी लावून दिला. माझा फोन गाडीत बसलं की गाडीशी जोडला जातो आणि आवाज स्पीकरमधून येतो. बाबांना ते ठाऊक नव्हतं. ते फोन कानाशी घट्ट धरून बसले, आणि मावशीचा ‘हॅलो’ सगळ्या गाडीत आला. मला तो बंद करता आला असता. मी केला नाही.

‘ताई, मी बोलतोय. ती खोटं बोलली तुमच्याशी. तिचं मन होतं. पहिल्या दिवसापासून होतं. मीच आणलं नाही. मला भीती वाटायची.’

पलीकडे टॅक्सीचा हॉर्न ऐकू आला.  

‘मी दोनदा निघाले होते, भाऊजी,’ मावशी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. ‘एकदा पहिल्या वर्षी, एकदा मागच्या वर्षी. बॅग भरून दारात उभी होते. दोन्ही वेळा तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, तिला आत्ता कुणी आलेलं नको असतं. आज तीही तेच म्हणाली, मन होत नव्हतं. मला खरंच वाटलं.’

आईला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बाबांनी फोन कानापासून काढला आणि त्यांना कळलं की आवाज तिथून येतच नाहीये. ते आरशात बघू शकले नाहीत.

मागून आई बोलली. सावकाश, एकेक शब्द सोडवून, मध्ये कुणी समजावून सांगायची गरज पडू नये असं.

‘ताई, मी घरीच होते गं. दोन्ही वेळा घरीच होते.’